अष्टमीची होडी

सुनंदाताईंना मी जूनमध्ये नॉर्वेच्या क्रूझवर पाठवलं, तिथं माझं चुकलं. म्हणजे नॉर्वेचं काही चुकलं नव्हतं. जहाज छान होतं, केबिनला खिडकी होती, जेवण शाकाहारी होतं आणि मध्यरात्रीचा सूर्य ब्रोशरमध्ये छापल्याप्रमाणे मध्यरात्री हजर होता. फक्त त्या आठवड्यात संकष्टी आली. सुनंदाताई संकष्टीला चंद्र पाहिल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत, आणि तिथं चंद्र काही उगवेना.

जहाजावरून फोन आला. "माधव, अरे इथं सूर्य मावळत नाही आणि चंद्र उगवत नाही. मी जेवू केव्हा?"

"कॅप्टनला विचारलंत का?"

"विचारलं. तो म्हणाला, नेक्स्ट वीक, मॅडम."

शेवटी लंडनजवळच्या पिनरमधल्या ऑफिसात बसून मी लंडनचा चंद्रोदय शोधला आणि धर्मनिर्णय देऊन टाकला: तुमचा कायमचा पत्ता कॉव्हेंट्रीचा, तेव्हा चंद्रही इकडचाच धरायचा. ताई जेवल्या. पण परत आल्यावर त्यांनी ही हकीकत कॉव्हेंट्रीतल्या प्रत्येक हळदीकुंकवात सांगितली. 'ज्याने मला चंद्राशिवाय ठेवलं तो ट्रॅव्हल एजंट' अशी माझी ख्याती झाली. या धंद्यात ख्यातीनेही गिऱ्हाईक येतं. माझ्याकडे आलं ते असं.

हा धंदा काय होता ते आता सांगावं लागतं. लोक स्वतःच कॉम्प्युटरवर तिकीट काढू लागले, आणि आमच्या एजन्सीच्या जागी आज कॉफीचं दुकान आहे. पण दोन हजार सालानंतरची काही वर्षं मनुभाई नावाच्या माझ्या गुजराती मालकाच्या त्या दुकानात मी टेबलामागे बसत असे, आणि माणसं येऊन मला विचारत की जावं कुठे. तिकीट काढणं हे कामातलं सगळ्यात सोपं. खरं काम म्हणजे समोरच्या माणसाला नक्की कुठे जायचंय ते ओळखणं, कारण पहिल्या अर्ध्या तासात तो ते सांगत नाही. 'स्वस्तात स्पेन' म्हणणाऱ्याला सासरपासून लांब जायचं असतं. 'मुलांना भारत दाखवायचाय' म्हणणाऱ्याला भावाशी भांडण मिटवायचं असतं. हे ओळखण्यात मी बरा होतो. बाकीच्या बाबतींत मनुभाईंचं मत वेगळं होतं.

तर एका ऑगस्टमध्ये दुकानात एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ आले. बरोबर ठेंगणी, चपळ बायको. गृहस्थ खुर्चीत बसले आणि माझ्या उजव्या कानाशी बोलू लागले.

"मी आपटे. कॉव्हेंट्री. सुनंदा माझी मेहुणी. तुम्ही तिला चंद्र दाखवला नाहीत. मला दाखवा."

मी मागे वळून पाहिलं. कानामागे कुणी नव्हतं.

"घाबरू नका," काकू म्हणाल्या. "हे तुमच्याशीच बोलताहेत. यांच्या डाव्या डोळ्याच्या मधोमध डाग पडलाय आणि उजव्यातही सुरू झालाय. समोर बघितलं की माणूस जातो. शेजारी बघितलं की दिसतो."

"तुमचं नाक गेलंय," काका म्हणाले. "कान उत्तम आहे."

आपटेकाकांनी कॉव्हेंट्रीच्या मोटारींच्या कारखान्यात उभी हयात गिअरबॉक्स जुळवले होते. या देशात आल्यापासूनची एकूण एक कोजागिरी त्यांनी ढगाखाली साजरी केली होती. मंडळाच्या हॉलमध्ये मसाला दूध, अंताक्षरी, आणि मध्येच कुणीतरी कार पार्कमध्ये जाऊन येऊन 'नाही हं' म्हणणार. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजवा डोळाही मधून जाणार. केव्हा ते सांगता येत नाही. तो जायच्या आत काकांना एक कोजागिरी हवी होती. ढग नको, दिवे नकोत, झाडं मध्ये नकोत.

"काका, कॅनरी आयलंडला जा. चार तासांत पोचाल."

त्यांनी कोटाच्या खिशातून मासिकाचं फाडलेलं पान काढलं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या वेटिंग रूममधून ते त्यांनी सरळ पळवलं होतं. आकाशातून काढलेला फोटो होता: पॅसिफिकच्या मध्यावर पोवळ्यांचं एक कडं, बांगडीसारखं. बांगडी म्हणजे जमीन, आत शांत पाणी, बाहेर महासागर. जमीन इतकी अरुंद की माणूस चहा निवायच्या आत एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाईल.

"इथं चंद्र समुद्रातून वर येतो," काका म्हणाले, "आणि पाच पावलं टाकली की समुद्रातच मावळतो. मध्ये काही नाही. ही मी नीट वाचलेली शेवटची गोष्ट आहे."

त्या बेटाचं नाव मी इथं देत नाही. मला त्याचा उच्चार आजही येत नाही.

मनुभाई फोटो बघून म्हणाले, "माधवभाई, भेजना तो ईझी है. वापस भी लाना पडता है."

हे वाक्य मी लिहून घ्यायला हवं होतं.

तयारी सुरू झाली आणि मी जो गोंधळलो तो पुढचे दोन महिने गोंधळलेलाच राहिलो. लॉस एंजेलिस, तिथून फिजी, तिथून देशाचं मुख्य बेट, तिथून छोट्या विमानाने एक मोठं कडं, आणि तिथून खोबरं वाहणाऱ्या होडीने आमचं छोटं कडं. ही साखळी नोव्हेंबरआधी जमवायला हवी, कारण नंतर तिकडे पावसाळा. आणि कोजागिरीच्या रात्री माणसं जागेवर हवीत. आता यात वाटेत तारीखरेषा आडवी येते. माणूस सोमवारी विमानात बसतो आणि मंगळवार न बघता बुधवारी उतरतो. मग कोजागिरी कुठल्या वारी? पंचांग पुण्याचं, कॅलेंडर लंडनचं आणि चंद्र तिसरीकडचा.

घरी जेवणाच्या टेबलावर मी एका संत्र्याला रबरबँड लावला, टाचण्या टोचल्या आणि टॉर्च घेऊन बसलो. माझी बायको अलका हॅरोला केमिस्टच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. दिवसभर लोकांना गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर ते समजावून ती घरी आली होती.

"अरे, चंद्र एकच आहे," ती म्हणाली. "पौर्णिमा झाली की सगळीकडे झाली. गोंधळ तुझ्या कॅलेंडरांचा आहे. एक दिवस आधी पोचव आणि मोकळा हो."

एवढं सोपं असेल असं मला वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आमची लेक ईशा तारीखरेषेसकट संत्रं खात होती. "बाबा, तुझा ऑरेंज खूप सुकला आहे," म्हणाली.

त्या छोट्या बेटावर चार खोल्यांचं एक अतिथिगृह होतं. ते तेरेसा नावाची बाई चालवायची. तिच्याकडे वायरलेस होता. ती मोठ्या बेटाला कळवणार, मोठं बेट आम्हाला फॅक्स करणार, अशी आमची पत्रापत्री चाले. मी विचारलं, होडी कोणत्या वारी असते? उत्तर आलं: 'काळजी नको. होडी चंद्राबरोबर येते, चंद्राबरोबर जाते.'

वाचून मला गहिवरून आलं. वर्षानुवर्षं मी ब्रोशरं वाचत आलो होतो. त्यांत सगळे किनारे कुजबुजतात, सगळे सूर्यास्त सोन्याचे असतात, गाढवंसुद्धा काळाच्या ओघात हरवलेली असतात. बाईने ब्रोशरची भाषा चांगली उचललीय असं वाटलं. मनुभाईंनाही मी ते वाक्य वाचून दाखवलं. मग व्यवहाराचं पत्र लिहिलं: पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोन माणसं येतील, आठवड्याने शुक्रवारी परत निघतील. उत्तर आलं: 'ओके.' इंग्लंडात एखाद्याने 'ओके' म्हटलं की काम झालं. त्या बेटांवर 'ओके' म्हणजे 'तुमचा निरोप पोचला, तुम्ही आम्हाला आवडलात', एवढंच. हे मला नंतर कळलं. मला सगळंच नंतर कळतं.

ऑक्टोबरात काका-काकू गेले. बॅगेत केशर, जायफळ आणि दुधाची पावडर. हीथ्रोला सोडताना काकांनी माझ्या कानाशी हात जोडले. त्यांचा मुलगा निखिल केंब्रिजला संशोधन करतो. तो आला होता, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "माधवकाका, बाबाला हा ट्रिप खूप महत्त्वाचा आहे. प्लीज, कुठे गडबड नको."

"माझ्यावर सोड," मी म्हटलं.

कोजागिरी झाली. पिनरला अर्थात ढग होते. दुसऱ्या दिवशी फॅक्स आला: आकाश स्वच्छ, पाहुण्यांनी आम्हाला पिवळं गोड दूध पाजलं. मी तो फॅक्स खिशात घालून घरी गेलो, अलकाला वाचून दाखवला, आणि यशाच्या भरात वाटाण्याची उसळ परत घेतली.

"फॅन्टॅस्टिक जमलं बघ," मी म्हटलं. "पौर्णिमेला चंद्र बघितला, आता आठ दिवस आराम, आणि अष्टमीला परत होडीत."

अलकाचा हात पोळीवर थांबला. "अष्टमीला?"

"शुक्रवारी. अष्टमीच आहे ना? पंचांगात बघून ठेवलंय मी."

"माधव, त्या बेटाला बंदर आहे?"

"बंदर कसलं! पोवळ्याचं कडं आहे सगळीकडून. होडी त्या खडकावरून आत येते."

"आणि अष्टमीला भांग असतो. खडकावर पाणी कुठलं तेव्हा?"

अलका रेवदंड्याची. मी डोंबिवलीचा. समुद्र मला माहीत तो भेळेच्या गाडीमागे उभा असलेला. तिने पोळीचे तुकडे मांडून मला समजावलं. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असतं, भरतीचं पाणी खूप चढतं. त्याच्या मध्ये, अष्टमीच्या आसपास, भांग. तेव्हा पाणी ना धड चढत, ना धड उतरत. "आमच्या खाडीच्या तोंडावरसुद्धा भांगाला मोठ्या होड्या खोळंबतात. तुमच्या त्या खडकावर तर उधाणाशिवाय होडी येणारच नाही. त्या बाईने काही कळवलं नव्हतं?"

'होडी चंद्राबरोबर येते, चंद्राबरोबर जाते.' मी ते वाक्य हळूच उच्चारलं.

"मग! वेळापत्रकच कळवलंय तिने."

आयुष्यभर एकादशी, संकष्टी, पौर्णिमा मी भिंतीवरच्या पंचांगात रोज बघत आलो. त्या चौकोनांत समुद्राचं टाइमटेबल छापलेलं आहे, आणि मला मात्र त्यात फक्त साबुदाणा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पॅसिफिकशी फोनाफोनी करण्यात ऑफिसची वेळ गेली. तिकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "हो, शुक्रवारी होडी नाही. शुक्रवारी कधीच नसते. पुढची न्यू मूनला."

"मग तुम्ही ओके कसं म्हणालात?"

"तुम्ही इतकं नम्रपणे लिहिलं होतं," तो म्हणाला.

न्यू मून म्हणजे अमावास्या. आश्विन अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. मी दोन म्हाताऱ्या माणसांची दिवाळी पॅसिफिकमध्ये अडकवली होती. मनुभाईंनी चष्मा काढून पुसला. निखिलला फोन केला तेव्हा तो आधी इंग्रजीत गप्प झाला, मग मराठीत म्हणाला, "काका, माझा आई-बाबा सेफ आहे ना? आणि आईची डायबेटिसची गोळी?"

गोळ्यांचं अलकाने आधीच विचारलं होतं. वायरलेसवरून काकूंचं उत्तर आलं: दुप्पट आणल्यात. त्या पिढीतल्या बायका दोन दिवसांच्या लग्नालाही महिन्याची औषधं नेतात, त्या सवयीने माझी नोकरी वाचवली. काकांचा मात्र काही निरोप नव्हता. मी मुद्दाम विचारलं, काका काय म्हणाले? तेरेसाने कळवलं: 'मिस्टर आपटे बोलत नाहीत. समुद्राकडे पाठ करून बसतात.'

चंद्र तर दिसला होता. मग पाठ का? सुटीत अडकलेली माणसं मी पाहिली होती. ती ओरडतात, वकिलाची धमकी देतात. पाठ करून कुणी बसत नाही. पुढचे दिवस मी लोकांना टेनेरिफ बेटावर सुटीला पाठवताना दर वेळी विचारत होतो, "परत यायचंय ना नक्की?" एक इंग्लिश बाई उठूनच गेली.

अमावास्येला होडी आली. ते सुखरूप परतले. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम नंतरच्या शनिवारी होता. त्या दुपारी मी आणि अलका कॉव्हेंट्रीला त्यांच्या घरी गेलो. वाटभर मी माफीचं भाषण घोकत होतो. काकांनी दार उघडलं, माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाले, "आलास? ये. तुला शिव्या द्यायच्यात."

काकूंनी चिवडा आणला. काका सांगू लागले.

"चंद्र उगवला. जसा फोटोत तसाच, समुद्रातून. तुझी काकू 'अहो बघा, अहो बघा' करतेय. बघितलं, तर त्याला कुणीतरी चावा घेतलेला. मान वळवली तर चावाही वळला. उजव्या डोळ्यातला डागही वाढला होता रे तेवढ्यात, वाटेतच कुठेतरी. इंग्लंडपासून तिथवर कोजागिरी बघायला गेलो आणि बघितला चतुर्थीचा चंद्र."

काकू चिवड्याची बशी हातात धरून उभ्याच राहिल्या. "मला काय माहीत! मला वाटलं आनंदाने बोलत नाहीयेत."

"तुला एवढं लांब नेलं. काय सांगणार? मग मी अष्टमीच्या होडीची वाट बघत बसलो. आली असती तर सगळ्यांत आधी मी चढलो असतो. होडी आलीच नाही. तेव्हा तुला जे काय बोललो, माधव, ते तेरेसाला मराठी येत नव्हतं म्हणून बरं."

"काका, मी..."

"थांब. रोज चंद्र उशिरा यायला लागला. संध्याकाळ झाली की गच्च काळोख. एकदा जेवून परत येत होतो. पायवाट बघायची म्हणजे मला मान तिरकी करावी लागते. तर वरती, कडेला, काहीतरी लुकलुकलं. तिकडे बघितलं, गेलं. परत बाजूला बघितलं, तर आलं, आणि बरोबर आणखी दहा घेऊन आलं. फिकट तारा डोळ्याच्या कडेनेच दिसतो रे. चांगल्या डोळ्यांच्या माणसालासुद्धा. माझी तर कडच शाबूत आहे! मग म्हटलं, आता कशाकडेच बघायचं नाही. वाळूत उताणा पडलो. अख्खं आभाळ आलं. चंद्र एकटा, त्याचा तुकडा गेला की कळतो. ताऱ्यांतले बशीभर गेले तर कुणाला कळतंय?"

"रोज वाळूत," काकू म्हणाल्या. "नरक चतुर्दशीला यांना पहाटे अभ्यंगाला उठवायला गेले, तर हे बाहेरच झोपलेले. तिथं खोबरेल काय हवं तेवढं. करवंटीत तेल घालून मी पणत्या लावल्या, तर मला म्हणतात कसे, विझव, आभाळ जातंय. दिवाळीत पणत्या विझवायला लावल्या हो यांनी!"

काका हसले. मग माझ्या कानाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "ठरल्याप्रमाणे आणला असतास, तर तो चावाच घेऊन आलो असतो."

माझं भाषण मी चिवड्याबरोबर गिळलं. काकांचा उजवा डोळा पुढच्या काही महिन्यांत मधून पुरता गेला. त्यांना पुन्हा कुठे पाठवायचा योग आला नाही, याची रुखरुख मला आहे. मंडळात भेटतात तेव्हा ते लोकांशी अजून कानाशीच बोलतात, आणि नवीन माणसं अजून मागे वळून पाहतात.

पण त्या दिवशी कार्यक्रमात त्यांनी माईकवरून सगळ्यांना सांगितलं की अमावास्येपर्यंत राहायची ट्रिप माधवने आखली. सुनंदाताईंनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी येऊन पुढच्या वर्षीसाठी माझं कार्ड मागितलं. मोटरवेवर येईपर्यंत मलाही थोडं वाटू लागलं होतं की आखली असेलच मी, आतून कुठेतरी. दिवेलागण होऊन गेली होती, एरवी न दिसणारं आभाळ त्या दिवशी मोकळं होतं, आणि मी मान तिरकी करून काका म्हणाले तसं बाजूने बघत होतो. एक दिसला. सरळ पाहिलं, गेला. बाजूला पाहिलं, आला.

"अलका," मी म्हटलं, "तू मला अष्टमीचं ते जायच्या आधी सांगितलं असतंस, तर?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस, आणि ते बिचारे वेळेवर घरी आले असते. असू दे. तारे बाजूने बघायचे असतात ना? मी बघते. तू रस्त्याकडे बघ. सरळ."